तांडेलांचं हवेतलं हॉस्पिटल

गॉगल डोळ्यांवर चढवण्याआधी तांडेल चपला काढतात.

हे वाचून तुम्हाला काहीच वाटलं नसेल, कारण तुम्ही आमच्या ऑफिसात कधी आलेला नाहीत. बोईसर स्टेशनपासून जरा आत, एका बँकेच्या डोक्यावर आमच्या बांधकाम कंपनीचं ऑफिस आहे. तिथे एका कोपऱ्यात जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून चौकोन आखलाय. चौकोनात टेबल नाही, खुर्ची नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही. तिथे उभं राहून डोळ्यांवर तो जाडजूड काळा गॉगल चढवला, की जी इमारत अजून बांधलेलीच नाही ती चारी बाजूंनी दिसायला लागते. मान वर केली की छत, खाली घातली की लाद्या, मागे वळलं की आपण ज्या दारातून आलो ते दार. या प्रकाराला व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतात. तांडेल त्याला 'आत जाणं' म्हणतात. आणि आत जायचं तर चपला बाहेर.

एकदा आमच्या शेठनी हुज्जत घातली. जयंतशेठ बुटांची लेस स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा सोडायला तयार नव्हते.

"अरे तांडेल, आत आहे काय एवढं?"

"हॉस्पिटल."

"मग हॉस्पिटलात कोण बूट काढतो?"

"नवीन वास्तू हाय, शेठ. पहिल्यांदा चाललाय तुमी."

"पण तू तर रोज जातोस!"

"ती रोज नवीनच असते ना. काल जिथं भिंत होती तिथं आज नाय."

शेठ बूट काढून, भोक पडलेल्या मोज्यांसकट हॉस्पिटलात शिरले. त्यानंतर ते गॉगलच्या दिवशी मोजे बघून घालू लागले.

गजानन तांडेल मूळचे किनाऱ्यावरच्या दांडी गावचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या होड्या. तांडेल म्हणजे नावेचा कप्तान, हे आडनावातच आलं. पण आमच्या या कप्तानाला होडीत पाय टाकला की उलटी होते. भरतीचं पाणी नुसतं बघितलं तरी मळमळतं. लहानपणी दोनतीनदा त्यांना समुद्रावर नेऊन बघितलं. प्रत्येक वेळी माशांपेक्षा पोराकडेच जास्त लक्ष द्यावं लागलं, तेव्हा वडिलांनी नाद सोडला आणि त्यांना डिप्लोमाला घातलं. असा समुद्रानं परत केलेला हा माणूस सिव्हिलमध्ये आला.

गंमत अशी, की तो गॉगल घातल्यावर भल्याभल्यांना मळमळतं. आपण उभे असतो आणि समोरची इमारत सरकते, त्यामुळे डोकं गरगरतं. आमच्या अकाउंटंटनी एकदा जिना चढून बघितला आणि दुपारचा डबा तसाच घरी नेला. तांडेल मात्र तासन्‌तास आत असतात. जिने चढतात, एसीच्या डक्टमध्ये डोकं घालतात, छताच्या वर जाऊन पाण्याच्या टाकीशेजारी उभे राहतात, आणि बाहेर आले की चहा मागतात. त्यांचा थोरला भाऊ अजून बोट चालवतो. तो एकदा ऑफिसात आला होता. चौकोनात वाकून, कुठल्याशा न दिसणाऱ्या बीमखालून चाललेल्या भावाकडे त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाला, "पाण्यावर उभा राहत नाय, आनि हवेत बघा कसा चालतो!"

हे सगळं आमच्याकडे आलं ते एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमुळे. जवळच्या पाम गावाच्या बाजूला एक छोटं धर्मादाय हॉस्पिटल उभं करायचं होतं आणि ट्रस्टची अट होती की काम 'बिम' पद्धतीनं झालं पाहिजे. शेठनी ट्रस्टचं पत्र वाचून टेबलावर थाप मारली. "यात नवीन काय? बीम तर आपण पहिल्यापासून टाकतोय!"

बिम म्हणजे बीम नव्हे, हे शेठना समजावून सांगायला तांडेलांचा एक आठवडा गेला. बिम म्हणजे अख्खी इमारत आधी कम्प्युटरमध्ये बांधायची. नुसत्या रेघा नाहीत. प्रत्येक खांब, प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर खरीखुरी असल्यासारखी आत बसवायची. मग कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या अंगात घुसते आहे, ते कम्प्युटरच दाखवतो. त्याला क्लॅश म्हणतात. क्लॅश आधीच सापडला तर नंतर भिंत फोडावी लागत नाही. तांडेल पुण्याला जाऊन याचं ट्रेनिंग घेऊन आले, ते एक वाक्य घेऊनच आले: "चूक हवेत करा, सिमेंटात नको."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी आमचा फोरमन रामबरन चहा सांडला तरी म्हणायचा, "अरे भाई, गलती हवा में करो!"

मी प्लंबिंगचा माणूस. म्हणजे क्लॅश नावाच्या गुन्ह्यातला कायमचा आरोपी. खांबाला जागा सोडता येत नाही, बीमला वाकता येत नाही, म्हणून वाकायचं ते पाइपनी, असा या धंद्यात रिवाज आहे. रोज सकाळी तांडेल माझ्या टेबलाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "राऊतसाहेब, तुमचा पाइप आज परत माझ्या बीममधून गेला." सांगण्याची तऱ्हा अशी, की जणू माझा मुलगा त्यांना स्टेशनमागे सिगारेट ओढताना दिसला.

"चार इंचाचा पाइप आहे तो, तांडेल. त्याला कुठूनतरी जायलाच हवं."

"जाऊ दे ना. विचारून जाऊ दे."

पुढे पुढे हे क्लॅशचं वेड कम्प्युटरच्या बाहेर पडलं. सफाळ्याला आमच्या एका सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न होतं. तांडेल हॉलच्या मध्यभागी उभे राहिले, डोळे बारीक केले आणि थेट मुलीच्या वडिलांकडे गेले. "काका, जेवायची लाइन आनि आहेराची लाइन पानाच्या टेबलापाशी एकमेकींत घुसणार. क्लॅश हाय." ते काका आधीच घामाघूम. त्यांनी भिऊन पानाचं टेबल हलवलं. मग ते पंख्याच्या वायरवर आलं. मग वायर हलवली, तर ती बँडवाल्यांच्या वाटेत आली. शेवटी त्या काकांनी हात जोडून तांडेलांच्या हातात अख्खा हॉलच दिला. लग्न सुरेख पार पडलं. तांडेल सोडून सगळे जेवले.

माझ्या घरी तर त्यांनी कहरच केला. पालघरला मी फ्लॅट घेतला तो आमच्याच कंपनीनं बांधलेल्या इमारतीत. वास्तुशांतीला तांडेल आले ते हातात टॅब्लेट घेऊन. गॉगल हा अजून न बांधलेल्या इमारतीसाठी. टॅब्लेट बांधलेल्या इमारतीसाठी. तो समोर धरला की कॅमेऱ्यातून खरी भिंत दिसते आणि तिच्यावर आतले पाइप, वायरी रंगीत रेघांनी उमटतात. भिंत आरपार दिसावी तसं. त्यांनी हौसेनं आमच्या घराचं मॉडेल भरून आणलं होतं. सगळ्या खोल्यांतून टॅब्लेट फिरवत ते देवघराशी आले आणि थबकले.

"वहिनी, देव इथंच ठेवणार?"

"हो. का?"

"नाय, काही नाय. मागून वरच्यांचा संडासचा पाइप येतो."

भटजी मंत्र म्हणायचे थांबले. बायकोनं माझ्याकडे बघितलं. पाइप मीच टाकलेला. देव उचलून पूर्वेच्या भिंतीला नेले, तर तिथून मोरीचं पाणी जात होतं. तिसऱ्या भिंतीत लिफ्ट. शेवटी देव हॉलमध्ये टीव्हीच्या वर बसले आणि अजून तिथेच आहेत. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या त्या तांडेलांना पुन्हा बोलवा अवश्य. पण ती पाटी खाली ठेवून या म्हणावं."

साइटवर त्या टॅब्लेटची दहशतच होती. तांडेल तो डोळ्यांसमोर धरून भिंतीभिंतीशी थांबत फिरायचे, त्यामुळे कामगारांचा असा समज झाला की साहेबांना सगळ्याच्या आरपार दिसतं. "साब को जेब के अंदर का भी दिखता है," असं रामबरननं गंभीरपणे पसरवलं. तांडेल येताना दिसले की लोक खैनीची पुडी खिशातून काढून हेल्मेटमध्ये लपवत. साइटवरचं तंबाखूचं प्रमाण त्या काळात निम्म्यावर आलं असेल. तांडेलांना याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटायचं, लोक हेल्मेट काढून आपल्याला नमस्कार करतायत. तेही रोज हात जोडून उलट नमस्कार करायचे.

पण टॅब्लेटला सगळं दिसतं, हा समज एक दिवस फुटला. अर्थिंगसाठी रामबरननं सकाळीच एक खड्डा खणून घेतला होता आणि पाणी लागून तो भरला होता. तांडेल टॅब्लेटमध्ये निळा पाइप शोधत चालत आले आणि कमरेपर्यंत आत गेले. टॅब्लेट मात्र त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून वाचवला. वर काढलं तेव्हा चिखलानं माखलेले तांडेल पहिलं वाक्य बोलले, "हा खड्डा मॉडेलमध्ये नाय."

रामबरन म्हणाला, "गड्ढे को मालूम नहीं था, साब."

कपडे बदलायच्या आधी त्यांनी ऑफिसात येऊन तो खड्डा मॉडेलमध्ये घातला. खुर्ची पुसायला नंतर अर्धा दिवस लागला. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला, तर तिकडूनही काढला.

आता खऱ्या प्रकरणाकडे येतो.

या मॉडेलांत माणसं घालायची सोय असते. इमारत किती मोठी आहे याचा अंदाज यावा म्हणून. सॉफ्टवेअरबरोबर जी तयार माणसं येतात ती सगळी परदेशी. सोनेरी केस, हातात बॅग, कॉफीचा पेला, कुणाच्याच चेहऱ्यावर काळजी नाही. हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर असे दोन गोरे तरुण हसत उभे होते. तांडेलांना ते बघवेना.

"हे कुणाचे कोण?" ते मला म्हणायचे. "पामला हे कशाला आलेत?"

मग त्यांनी स्वतः माणसं बनवायला घेतली. टोपली घेतलेल्या कोळणी, काठी टेकत चाललेले म्हातारे, पाठीशी पोर बांधलेल्या डोंगराकडच्या बाया. आणि मुख्य म्हणजे, जमिनीवर बसलेले नातेवाईक. कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, डबे उघडून बसलेले. एक तर चक्क झोपलेला.

मुंबईचे आर्किटेक्ट दळवी यांनी ते पाहिलं. दळवी नेहमी काळ्या शर्टात असायचे आणि त्यांचा आवाज कधीही वर चढत नसे. त्या कॉरिडॉरच्या टोकाला त्यांनी काचेचं एक सुंदर कॉफीचं दुकान काढलं होतं. त्यातून पलीकडची भातशेती दिसणार होती.

"तांडेल, ही माणसं काढा. डिझाइन दिसत नाही."

"ही येणारच हायत, साहेब."

"व्हिजिटिंग अवर्स असतात."

"सकाळची एसटी सातला सोडते. तुमचे अवर्स चारला. मधे ही कुठं जाणार?"

"त्याच्यासाठी कॉफी शॉप आहे."

तांडेलांनी यावर फक्त क्लॅश काढला. स्ट्रेचर त्या कॉरिडॉरमधून चालवून बघितलं तर ते बसलेल्या माणसांच्या पायांत अडकत होतं. रोजच्या यादीत माझ्या पाइपांच्या खाली एक नवी ओळ आली: स्ट्रेचर आणि नातेवाईक. दळवींनी उत्तर पाठवलं की नातेवाईक ही बांधकामाची वस्तू नाही, सबब हा क्लॅश धरता येणार नाही. नियमानं बघायचं तर दळवी बरोबर होते. शेठनीही तांडेलांना बोलावून दम दिला. "ट्रस्टचे लोक बघायला येणार आहेत. पसारा आवर. आपल्याला हॉस्पिटल विकायचंय, यात्रा नाही."

तांडेल "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" म्हणजे काय ते आम्हाला एव्हाना माहीत होतं.

ट्रस्टच्या अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरबाई होत्या. सत्तरी उलटलेली, सुती साडी, आयुष्य सरकारी दवाखान्यांत काढलेलं. मीटिंगच्या दिवशी त्या आल्या, कुणी काही सांगायच्या आधीच चपला काढल्या आणि पट्टीच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. तांडेल त्यांच्याकडे बघतच राहिले. नंतर मला म्हणाले, "बाईंना वळण हाय."

गॉगल चढला. आत काय चाललंय ते आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं. बाई रिसेप्शनवरून गेल्या, ओपीडी बघितली, दळवींच्या काचेला "छान" म्हणाल्या. दळवी किंचित झुकले. मग त्या बाळंतपणाच्या कॉरिडॉरमध्ये वळल्या आणि शेठनी कपाळाला हात लावला. कॉरिडॉर माणसांनी गच्च भरलेला. आणि वॉर्डाच्या दाराशेजारी, कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसलेला, एक लाकडी बाक.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "बरं झालं. जरा टेकते."

"बाई, नको!" तांडेल ओरडले. पण तोवर त्या टेकल्या होत्या.

बाक हवेतला. बाई खऱ्या. धप्प असा आवाज झाला आणि हॉस्पिटलच्या अध्यक्ष आमच्या लाद्यांवर बसत्या झाल्या.

"डॉक्टर बोलवा! कुणीतरी डॉक्टर बोलवा!" शेठ ओरडू लागले. डॉक्टर त्यांच्या पायाशीच बसल्या होत्या. दळवी पाण्याचा पेला घेऊन धावले आणि पट्टीपाशी येऊन बूट काढावेत की नाही या विचारात थांबले. तांडेलांचा चेहरा पांढराफटक पडलेला. ते पुढे वाकून बाईंना उचलायला गेले, तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

"थांबा. मला काही झालेलं नाही. कुणी हात लावू नका."

गॉगल अजून डोळ्यांवरच होता. त्या तशाच खाली बसून हळूहळू मान फिरवत होत्या. पडद्यावर आम्हालाही तेच दिसू लागलं: भिंतीचा खालचा भाग, दारांच्या फटी, आणि पाय. येणारे, जाणारे, शेजारून निघून जाणारे पाय. मग एक स्ट्रेचर आलं. एवढा वेळ आम्ही ते वरून बघत होतो. खालून बघितलं तर त्याची चाकं थेट डोळ्यांसमोरून गेली. बाईंनी दचकून पाय जवळ ओढले.

"हे असं दिसतं होय इथून," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आत आपली मुलगी ओरडत असताना इथे बसायचं म्हणजे... दळवी, तुम्ही या जरा खाली."

"मी?"

"हो. या."

दळवींनी बूट काढले. दुसरा गॉगल चढवून, काळ्या शर्टासकट, ते बाईंच्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांनी मान मागे टाकून वर बघितलं. आपल्या त्याच शांत आवाजात म्हणाले, "छत चांगलं दिसतंय." मग जरा थांबून म्हणाले, "पण छत बघायला कोण येणार इथे."

कॉफी शॉप गेलं. त्या जागी कॉरिडॉरच्या बाजूला एक मोकळी, उजेडाची जागा निघाली. तिथे भिंतीला धरून बाक आले, पाय पसरायला जागा आली, हात धुवायला नळ आला. दळवींनी ड्रॉइंगमध्ये तिला कसलंसं इंग्रजी नाव दिलं आणि एका व्याख्यानात तिच्याबद्दल बोललेसुद्धा, असं कळलं. नळ आला म्हणजे पाइप आला, आणि पाइप आला म्हणजे तो माझा. तो दोन बीम चुकवून न्यायला मला घाम फुटला. तांडेलांना बक्षीस काय मिळालं, तर शेठची अर्धा तास बोलणी. त्या दिवसापासून पाहुणा गॉगल घालून उभा राहिला की त्याच्यामागे आमचा एक माणूस खरी खुर्ची घेऊन चालतो. तसा नियमच आहे.

हॉस्पिटल उभं राहिलं, उद्घाटन झालं, आम्ही पुढच्या कामाला लागलो. तांडेलांनी मॉडेलमधून माणसं काढली, फाइल बंद केली आणि एका गोदामाच्या हवेतल्या छतावर चढले.

मग या वर्षी उन्हाळ्यात माझी मावशी मोरीत घसरली. सफाळ्याहून तिला घेऊन एका रविवारी मी त्याच हॉस्पिटलात गेलो. मनगटाला प्लास्टर घालत होते तोवर मी माझे पाइप बघायला म्हणून बाळंतपणाच्या वॉर्डाकडे चक्कर मारली. नळाला पाणी होतं, गळत नव्हता. समाधानानं वळलो, तर बाकावर तांडेल. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी.

"तांडेल? कोण आहे आत? घरचं कुणी?"

ते दचकले. "नाय, घरचं नाय." आणि मांडीवरची पिशवी सारखी करू लागले.

तेवढ्यात वॉर्डाचं दार उघडलं आणि नर्स बाहेर डोकावली. "जानकीसोबत कोण आहे?"

बाकांवरचे सगळे एकमेकांकडे बघू लागले. तांडेल उठले. "मी हाय."

नर्सनं मान हलवली आणि "मुलगी झाली. बाई बरी आहे. कापड द्या," असं म्हणून ती उभीच राहिली. ती त्यांना ओळखत होती.

तांडेलांनी पिशवीतून घडी केलेला एक कपडा काढून दिला. धुवून धुवून मऊ झालेलं, कडा दुमडून शिवलेलं दुपटं. टाके मोठे मोठे, वेडेवाकडे. शिवणाऱ्याला सुईची सवय नव्हती. नर्स ते घेऊन आत गेली.

मग मला कळलं ते थोडं त्यांच्याकडून आणि बरंचसं नंतर त्या नर्सकडून. डोंगराकडच्या बाया येतात. नवरा कामाला दूर कुठेतरी गेलेला, सासू घरची पोरं सांभाळायला परत गेलेली. आत घेतलं की दारातून हाक येते, सोबत कोण? आणि बाहेर कुणीच उठत नाही. तांडेल पहिल्यांदा आले होते ते आपण बांधलेली जागा बघायला. तेव्हा अशी एक हाक आली, ती दोनदा आली, आणि ते उठले. "सुरुवातीला आम्ही हाकललं त्यांना," नर्स म्हणाली. "कोण माणूस, कशाला येतो, आम्हाला काय माहीत? वॉचमननं गेटबाहेर काढलं होतं. मग ट्रस्टच्या मोठ्या बाईंनी ओळखलं. आता दर रविवारी येतात. औषधं आणतात, चहा आणतात, घरच्यांना फोन लावून देतात. आत कधी येत नाहीत. दाराबाहेरच."

मी तांडेलांच्या शेजारी बसलो होतो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो, हे मला तेव्हा जाणवलं. लग्न केलं नव्हतं एवढं माहीत होतं. भाऊ वेगळा राहतो हेही माहीत होतं.

"दुपटी कुठून आणता?" मी विचारलं.

"आईची लुगडी हायत," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली ती गेली त्याला. पेटी भरून होती. चांगली, मऊ झालेली. घरात कोण नेसणार? वहिनी म्हणाली, देऊन टाका बोहारणीला." ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. "नाय देववली. म्हटलं, कापून बघू. एका लुगड्यात बरीच होतात."

"आणि शिवतं कोण?"

"मीच. कोण हाय दुसरं?"

दार परत उघडलं. "मामा, ती जागी झालीय. बाहेर कुणी आलंय का विचारते."

तांडेल घाईनं उठले. शर्ट सारखा केला, पिशवी कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या हातात दिली. "जरा धरा हां, राऊतसाहेब. इथंच बसा." दाराच्या उंबऱ्याशी जाऊन ते थांबले आणि आत मान न घालता, मोठ्यानं म्हणाले, "आलोय गं. बाहेरच हाय मी."

पलीकडे माझ्या मावशीचं प्लास्टर झालं असणार. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो.